कोण किती पाण्यात

आधी माप घेतलं.
कोंबड्यांच्या खुराड्यामागे, चौसष्टच्या शेवरलेचं बॉनेट
काठीवर टेकवून,
शिवणकामाच्या टेपनं:
सतरा इंच उंच, अठ्ठावीस रुंद,
वरचा पाइप उजवीकडे, खालचा डावीकडे,
पंखा आणि जाळीत दोन बोटांची जागा.
तीन बोटं असती तर
निवड सोपी होती.

जाड घ्यावा तर पंखा घासतो,
पातळ घ्यावा तर पुढे होलमनचा चढ आहे.
त्या चढावर कळतं
कोण किती पाण्यात आहे.
बाबांचं पाणी तिथं दर जुलैत उकळायचं.
ते काचा खाली करायचे आणि हीटर लावायचे, पुरता,
इंजिनचा ताप आमच्या अंगावर घ्यायचे.
पुढच्या सीटवर आम्ही चौघं, मांडीवर पीचची टोपली.
आई जपमाळ ओढता ओढता थांबायची,
काट्याकडे बघायची,
आणि तोच मणी पुन्हा.

कॅटलॉगात ॲल्युमिनियमचा आहे.
दोन रांगा, चकचकीत, तीन दिवसांत घरपोच,
तांब्याच्या निम्म्या किमतीत.
मी पान दुमडून ठेवलं
आणि लास व्हेगासला गेले.
नेवाडातलं, दिव्यांचं, ते नव्हे. आमचं,
जिथं रुळांपलीकडे एफेमियो लुहान
अजून पितळेला डाग देतो.

जुना रेडिएटर त्याच्या टेबलावर ठेवला,
आजारी बकरी ठेवावी तसा.
त्यानं टॉर्च पेटवला, वरच्या टाकीचा सांधा सोडवला,
आत पाहिलं आणि हसला.
चुन्याच्या थरात काळी मिरी.
अख्खी नव्हे, भरडलेली.
"गळती थांबवायला," म्हणाला. "कुणी टाकली?"
मला तो हिवाळा आठवला.
घरातली मिरीची बरणी रिकामी,
आणि आई एकेका मुलाला उभं करून
विचारत होती.

मी म्हटलं, टाक्या याच ठेव, गाभा नवा घाल.
तांब्याचा, तीन रांगांचा, दोन बोटांत बसेल असा.
पैसे आहेत. वासरं विकलीत.
तो बराच वेळ चिंध्यांना हात पुसत राहिला.
मग एक हात टेबलावर ठेवला, बोटं पसरून,
आणि आम्ही दोघं
तो थरथरताना पाहत राहिलो.
"चाळीस वर्षं शिसं," तो म्हणाला.
"माझा डाग आता वर्षभरही टिकायचा नाही.
ॲल्युमिनियमचा घे.
तुझ्या बापाला मिळाला असता
तर त्यानं मिरी जेवणात घातली असती."

जुन्याचं वजन केलं. मोडीच्या भावानं बेचाळीस डॉलर.
घासाघीस मी केली नाही, त्यानंही नाही.
त्यातून कूलंट आलं आणि दोन क्लॅम्प.

नवा सरळ बसेना. भोकं अर्धा इंच चुकलेली.
पुतण्या डेल्फिनोनं ड्रिल धरलं,
मी जुन्या टायरचं रबर कापून खाली सरकवलं,
आणि समोरून काळा रंग मारला.
गावात चौकशा नकोत.

ऑगस्टात होलमन चढलो,
मागे अल्फाल्फाचे पंचवीस गठ्ठे.
दुसरा गिअर. काटा मध्यावर,
चावी संपलेल्या घड्याळासारखा.
मला खरंच वाटलं, गेज गेलं.
काचेवर टिचकी मारली.
तिथंच.
तिसऱ्या वळणावर हात आपसूक खाली गेला
आणि लिव्हर उजवीकडे.
पायांवर ऊन धूळ आली,
जळक्या रबराचा वास,
कुठल्या तरी जुन्या फळाचाही, की मला वाटलं.

"टिया," डेल्फिनो ओरडला, "हे काय करतेस?"

मी माझी काच खाली केली.
"तुझी पण कर," म्हटलं.