बलक आणि बाकीचं

पहाटे पाचला आवेरोच्या कालव्यावर धुकं असतं
आणि माझ्यापुढे तीनशे अंडी.
एकेचाळीस वर्षं हेच.
ओट्याच्या कडेवर एकदाच, हलकेच,
मग ह्या कवचातून त्या कवचात,
त्यातून परत ह्यात.
थांबायचं कधी, ते बोटांनाच कळतं.
बलक तांब्याच्या कढईत, पाकाच्या भेटीला.
पांढरं बादलीत.

आमच्या गावाची मिठाई बलकाची.
जुन्या मठातल्या नन म्हणे
पांढऱ्यानं झगे कडक करायच्या,
आणि उरलेल्या पिवळ्याचं करायचं काय
ह्या काळजीतून हे गोड निघालं.
खरं-खोटं त्यांचं त्यांना ठाऊक.
मी पाहिलं ते एवढंच,
की पाटीवर नाव लागतं पिवळ्याचं.
बादलीला नाव नसतं.

मग अमांदियोची छाती भरून आली.
मिठागरात तीस वर्षं फावडं ओढलेला माणूस
खाटेवर एवढासा दिसला.
डॉक्टर विदालनी कागदावर दोन रकाने आखले.
बलक : कोलेस्टेरॉल एकशे ऐंशी मिलिग्रॅमच्या वर.
पांढरं : शून्य.
शून्याभोवती त्यांनी पेनानं दोनदा गोल फिरवला.
त्या संध्याकाळी पहिल्यांदाच
मी बादलीतलं घरी आणलं.

नऊ वर्षं खाल्लं त्यानं ते.
मिरी घालून, कोथिंबीर घालून,
मीठ मात्र बेतानं. मिठागरवाल्याला, मीठ बेतानं!
"इलिदिया," म्हणायचा,
"खिडकीची काच चावल्यासारखं लागतंय गं."
पण चावायचा.

शेजारचा तेल्मो वल्ही मारायच्या शर्यतीत उतरायचा.
तोही यायचा बाटली घेऊन,
कच्चंच प्यायचा, गटागटा, दारातच.
शिजवून खा रे, म्हटलं,
कच्चं पांढरं बायोटिनला धरून ठेवतं, सोडत नाही.
त्यानं दंड फुगवून दाखवला.
मिठाईवालीनं पोषण शिकवावं
म्हणजे विनोदच तो.

ह्या वसंतात दवाखान्यात नवी डॉक्टर आली,
ग्रासिएला, केस बारीक कापलेले.
रिपोर्ट वाचला, पुन्हा वाचला,
आणि विचारलं, बलक कुठे टाकता?
टाकत नाही, मी म्हणाले, विकते.
ती हसली. मग गंभीर झाली.
साडेतीन ग्रॅम प्रथिनं पांढऱ्यात,
पण पावणेतीन बलकातही आहेत की.
आणि लोह, ड जीवनसत्त्व, मेंदूचं कोलीन,
डोळ्यांना लागतं ते पिवळं,
सगळं त्या एवढ्याशा गोळ्यात.
तुमचे आकडे आता बरे आहेत,
रोज एक अख्खं चालेल.
सॉसेज सोडा त्यापेक्षा.
"पूर्वी आम्हाला तसं वाटायचं," ती म्हणाली, "आता असं वाटतं."
माफी मागितली नाही तिनं. मला ते आवडलं.

घरी येताना पुलावर मी हिशोब मांडत होते.
नऊ वर्षं, रोज दोन,
साडेसहा हजारांवर बलक.
कुणाच्या बारशात, कुणाच्या लग्नात,
शिंपल्याच्या आकाराच्या पापुद्र्यात बसून
त्याच्या वाटचं ते पिवळं
परक्या जिभांवर विरघळून गेलं.
आणि कोंबडीनं तर
कधीच दोन बादल्या मांडल्या नव्हत्या.

रविवारी अख्खं तळलं.
ताटात बसून ते त्याच्याकडे बघत राहिलं.
त्यानं काटा घेतला, कडेकडेनं पांढरं खाल्लं,
होडीनं बेटाला वळसा घालावा तसं,
आणि बलक तसाच ठेवून
ताट माझ्याकडे सरकवलं.
सवय. दुसरं काय.

एकेचाळीस वर्षांत
साखरेशिवाय बलक मी चाखलाच नव्हता.
पावाचं टोक टेकवलं, तो फुटला,
पसरला ताटभर, सावकाश.
थोडा मातीचा वास होता त्याला.
समोरून त्याच्या पावाचा तुकडा आला,
न विचारता, माझ्या ताटात.

"मीठ," तो म्हणाला.
दिलं. चिमूटभर. जास्त नाही.