वाळूचा साबण

पहिल्या मसुद्यात तेक्ला गाव्लिकने लिहिलं :
ज्वालामुखीच्या दगडाचा चुरा, जवसाचं तेल,
कातडी मऊ ठेवणारं अमुक, काजळी काढणारं तमुक.
कारखानदार शेंजेलोश खूश.
सगळं आलं की यात, म्हणाले.
म्हणूनच ती कागद घेऊन परत गेली.

ट्राममध्ये समोरच्या माणसाचे हात बघत बसली.
बोटांच्या पेरांवर निळ्या रेघा.
कोळसा जखमेतून कातडीखाली गेला
की असा राहतो कायमचा,
गोंदवल्यासारखा, न विचारता.
या माणसाला जवसाचं तेल काय सांगायचं?

रात्री विशेषणं काढली,
डाळीतले खडे काढावेत तशी.
'उत्कृष्ट' गेलं. 'खास' जरा रेंगाळलं, तेही गेलं.
आकडे गेले.
साबणाचं नावसुद्धा तळाशी, बारीक अक्षरांत.
उरला कागद, आणि एवढंच :
हा विकत घेणारा
रात्री आरशात कोणाला बघतो?

'तुम्ही' लिहिलं, तर दुकानदार बोलायला लागला.
'ते' लिहिलं, तर ते मेलेलेच वाटले.
मग 'आपण'.
तिच्या भाषेत आपण आणि आम्ही
एकाच शब्दात राहतात,
मालक आणि भाडेकरू एका खोलीत.
कोण आत, कोण उंबऱ्याबाहेर, शब्द सांगत नाही.
त्या न सांगण्यावरच तिचं पोट चालतं.

पहाटे ओळ आली :
आपले हात बघून कळतं, आपण कोण ते.

शेंजेलोशनी ती दोनदा वाचली.
"यात साबण कुठाय?"
"नाहीये," ती म्हणाली.
त्यांनी स्वतःचे हात पाहिले,
खिशात घातले.
मग एकच बाहेर काढला, सहीपुरता.

ओळ भिंतींवर चढली,
लाल विटांच्या, लाल खिडक्यांच्या खाणवसाहतींतून.
पाळी सुटल्यावरच्या न्हाणीघरात,
जिथे कपडे साखळीने छताला टांगलेले असतात
आणि खाली वाफेत नुसती माणसं,
तिथे कुणीतरी ती दाराच्या आतून खडूने लिहिली.
पुढे संपातल्या एका फळीवरही दिसली,
साबणाशिवाय.
तेक्लाला बक्षीस मिळालं, काचेचं.
त्यावर बोटांचे ठसे फार उमटत.

मग खाण बंद झाली.
साखळ्या भंगारात गेल्या, वजनावर.

अकरा वर्षांनी ती बहिणीकडे आलेली, त्याच वसाहतीत.
अंगणात खालच्या मजल्यावरचा अखिम,
शर्यतीची कबुतरं पाळणारा.
एक तिच्या ओंजळीत दिलं त्याने :
ऊब, आणि आत धडधडणारं काहीतरी.
मग दोघं नळाशी.

तोच साबण. तोच वेष्टनाचा रंग.
कोपरापर्यंत घासत होता तो,
आणि हातावर होतं काय?
ज्वारीएवढी विष्ठा, एक पीस.
बाकी पांढरे, मऊ हात,
पेरांवर तेवढ्या निळ्या रेघा,
ज्या साबणाने जात नाहीत
आणि जाव्यात असं त्याला वाटतही नाही.
"महाग केलाय मेल्यांनी," म्हणाला,
"पण आपल्यासारख्यांना दुसरा चालत नाही."

नातवाला ओढून त्याचेही हात नळाखाली धरले.
"टोचतं!"
"टोचणारच.
माझा बाप म्हणायचा,
आपले हात बघून कळतं, आपण कोण होतो ते."

त्याचा बाप ही ओळ यायच्या
कितीतरी आधी गेलेला.
आणि 'होतो' तिने लिहिलेलं नव्हतं.
तेवढा एक शब्द
कुठल्याही मसुद्यात तिला सुचला नव्हता.

ती काही बोलली नाही.
वडी तिच्या हातात आली,
ओली, खरखरीत, वजनाला जड.
पोरगं हात पुसायचं थांबून
तिच्या हातांकडे बघत होतं.