नखाची खूण

आधी हात धू, मास्तूरा, मग कोरडे कर.
ओल्या हाताने द्राक्षाला शिवायचं नाही.
मिझानचा महिना, शेवटची तोड,
हे तैफी घड, जाड सालीचे, उशिरा पिकणारे.
किशमिशीला हात लावू नकोस. तिची साल नाजूक,
ती माळ्यावर वाळलेली बरी,
मातीत तिचा जीव गुदमरतो.

घड उजेडात धर, पण डोळ्यांवर विसंबू नकोस,
डोळ्यांना सगळीच द्राक्षं गोजिरी.
देठापाशी बोट फिरव.
जिथे मणी सैल हलतो, तिथे कात्री.
चिरलेला, पाखराने टोचलेला, नुसता रुसलेला,
सगळे काढ. पोरं खातील संध्याकाळी,
नाहीतर सिरक्याच्या मडक्यात जातील.
एक नासका मणी बाकीच्या चाळिसांना
नासायला शिकवतो,
आणि बंद घरात
शिकायला वेळच वेळ असतो.

माती ओढ्याकाठची, भुसा गव्हाचा.
तुडव पायांनी, लाजतेस कसली,
मेंदी तशीही आठवड्यात फिकी होणार.
कणकेहून घट्ट झाली की थापून वाटी कर,
मग तिच्याच मापाची दुसरी.
दुपारभर ऊन खाऊ दे दोघींना.
एकीत घड निजव, दुसरी वर पालथी घाल,
सांध्यावरून ओला चिखल फिरव,
केसाएवढी भेग राहता कामा नये.
आत उरेल तेवढाच श्वास.
द्राक्षं समजूतदार. श्वास थोडा असला
की हळू जगतात, पाच महिने, सहा महिने.
मला नाही जमलं कधी.

चारिकारला शीतगृह आहे, ठाऊक आहे मला.
नज्मुद्दीनने तिथे बारा क्रेट ठेवले,
वीज गेली ती चौथ्या दिवशी आली.
क्रेट घरी आले तेव्हा गाढवानेही तोंड फिरवलं.
शीतगृहात खोट नाही,
खोट तारेत आहे.
माझ्या मातीला तार लागत नाही, एवढंच म्हणते.

हे बघ, सांध्याजवळ ही चंद्रकोर.
माझ्या नखाची. प्रत्येकीवर असते.
आत काय आहे ते गिऱ्हाइकाला दिसत नाही,
कानाशी धरून हलवतो बिचारा,
जणू आतून कुणी ओ देणार आहे.
मग खूण बघतो, आणि पैसे काढतो.

एका वर्षी मी रागात होते.
कुणावर ते विचारू नकोस, तो अजून याच घरात जेवतो.
न निवडता, न बोट फिरवता,
एका दुपारी तीस गोळे लिंपले
आणि तीसही वेळा नख दाबलं.
हूत महिन्यात, बर्फ पातळ होत असताना,
शेजारच्या शिरिनताजने एक फोडला,
बाळंतीण लेकीसाठी.
महिनाभर कांदा आणि सुकं शलगम खाल्लेली पोर,
तिला काहीतरी ताजं, रसाचं हवं होतं.
आतून काळं पाणी आलं.
शिरिनताज काही बोलली नाही.
माझ्या खुणेची खापरी तेवढी
आमच्या उंबऱ्यावर ठेवून गेली.

ती मी भिजत घातली. मातीच ती, विरघळली,
पुढच्या सालच्या चिखलात मिसळून गेली.
रिकाम्या वाट्यांचं असंच करायचं,
फेकायचं काही नाही.
पण त्या एका खापरीला विरघळायला
फार वेळ लागला, किंवा मी
फार वेळ बघत बसले.

चांगला फोडलास ना, तर आवाज येतो,
अंडं फुटावं तसा कोरडा.
मग हिरव्या देठाचा वास,
मिझानमधला, जसाच्या तसा.
नौरोजच्या थाळीत ठेव, म्हातारे गप्प होतील.

झाली तुझी पहिली? दाखव.
सांधा बरा आहे. ओली आहे तोवर नख दाब.
कुठली खूण ते तू ठरव,
चंद्रकोर सोडून.

थांब.
उघड परत.
डाव्या बाजूचा तो मणी, पानाखाली सरकवलेला,
मला दिसला.