जम्पर

कोपरखैरणे, सेक्टर सतरा. शटर अर्धं खाली.
टेबलावर सीपीयू आडवा, कुशीचा पत्रा काढून भिंतीला टेकवलेला.
आत धूळ:
लग्नपत्रिकांची, हळदीच्या बॅनरची,
दशक्रियेच्या चार ओळींची.
सगळ्यांची एकाच रंगाची.

दुपारी हरेश्वर मढवीचा मुलगा आला,
पिशवी ठेवून उभाच राहिला.
"पप्पांनी दिलीय. आपलं जुनं काम आहे म्हणाले यात."
'आपलं' त्याने निरोपातलं जसंच्या तसं ठेवलं काउंटरवर,
मीही उचललं नाही.
पिशवीत टॉवेल, टॉवेलात हार्ड डिस्क,
जी स्क्रू काढून तो घेऊन गेला होता
अकरा वर्षांपूर्वी, दिवाळीच्या ऐन गर्दीत.

जोडली.
रुंद राखाडी पट्टी, लाल कड एक नंबरच्या पिनेकडे.
चार तारांचा पांढरा प्लग रेटताना
अंगठ्यावर वळ उठला.
बटण दाबलं. पंखा फिरला.
काळा पडदा, आणि बराच वेळ
एक लुकलुकणारी रेघ.
नवी दिसेना, ते ठीक.
पण जुनीही दिसेना!
कालपर्यंत म्हात्र्यांच्या बारशाचं काम करत होती.

केबल बदलली. प्लग बदलला.
कान लावून ऐकलं, कधीकाळी बाळाची छाती ऐकावी तसं.
टकटक नाही. घरघर एकसारखी.
म्हणजे फिरतेय. जिवंत आहे. बोलत नाही, इतकंच.

तुर्भ्याच्या इम्रानला फोन केला.
तो आता फक्त मोबाईलच्या काचा बदलतो.
"ताई, भंगारात द्या. हे कोण लावतं आता?"
आणि ठेवता ठेवता,
"दोन्ही मास्टरवर नाहीत ना?"

भिंग घेतलं.
मुगाच्या दाण्याएवढी काळी टोपी, दोन पिनांवर.
हिच्या, तिच्या, अगदी त्याच जागी.
एका केबलवर दोघी, दोघी म्हणतायत मीच.
आणि मशीन बिचारं
कुणालाच हाक मारत नाही.

दुसऱ्या जागेला कंपनीने दिलेलं नाव
मला कधी आवडलं नाही. हरेश्वरलाही.
तेवढ्या एका बाबतीत आमचं एकमत होतं.
नियम मात्र सरळ आहे:
जिच्यात विंडोज, ती पहिली. आलेली ती दुसरी.
यात मानापमान नाही,
हे मी स्वतःला दोनदा सांगितलं.

भुवयांच्या चिमट्याने टोपी ओढली,
निसटली.
टॉर्च घेऊन टेबलाखाली गुडघ्यांवर:
स्टेपलरच्या पिना, खोडरबर, नमुन्याच्या पत्रिकेतून सांडलेली
एक लाल अक्षता.
टोपी नाही.
शेवटी मेलेल्या सीडी ड्राइव्हची काढून लावली.

आणि दिसली.
माय कॉम्प्युटरमध्ये, मुकाट, 'ई'.
लग्न २००८. लग्न २००९. बारसं. चुका.
शालन फायनल. शालन फायनल खरंच.
हिशोब.

चुका आधी उघडावं असं वाटलं होतं. हिशोब उघडला.
पडद्यावर कंस, टोप्या, उलटे प्रश्न, डॉलर,
मधेच एखादा शहाणा आकडा,
बाकी कशाला कशाचा ताळ नाही.
सगळं आहे. वाचता येत नाही.
तेव्हाचा फाँट हरेश्वरचा होता,
कुठून कुठून आणून, अर्धे जोडाक्षर रात्री बसून
त्यानेच दुरुस्त केलेला.
'र्‍या'साठी तर त्याने आठवडा घालवला होता,
मी हसले होते.

साडेनऊ. मढवी पानावर बसले असतील.
नंबर पाठ आहे,
तो कुठल्याच डिस्कवर नव्हता.
पत्रा अजून भिंतीला टेकलेला, आतला पंखा उघड्यावर फिरतोय.
रिंग जातेय.
हॅलो, कसा आहेस, काही नाही.
थेट विचारायचं ठरवलंय,
फाँट कुठला होता रे?