चार आणे

गाडगे महाराज पुलाखाली, बुधवारच्या बाजारात
गंजक्या पान्यांच्या नि कुकरच्या झाकणांच्या ढिगात
सापडली ही तबकडी. साठ रुपये.
कव्हरवर पिवळ्या झग्यातली बाई, वाकडं नारळाचं झाड,
आणि मागे इंग्रजीत, पेन्सिलीनं:
केरसी दुबाश, देवळाली कॅम्प.
तिसरं गाणं अडतं. चार आणे ठेवा.

गाणं कसलं, शब्दच नाहीत.
दोन ट्रम्पेट, खुळखुळे,
मध्येच कुणीतरी ‘हेऽ’ म्हणून ओरडतो
नि पुन्हा गप्प.
पितळ इतकं हसतं
हे तांबट आळीत वाढूनही ठाऊक नव्हतं मला.

तिसऱ्याला सुई खरंच अडली.
तेच अडीच सूर. तेच अडीच सूर.

एकतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा मोजल्या,
करकरीत, शाईचा वास न गेलेल्या.
सुईला नाणंच लागतं.
चार आणे आता कुणाकडे असतात?

शालनच्या करंड्यात एक निघालं,
कुंकवानं लाल.
दोन वर्षं उघडला नव्हता करंडा.

पुसलं नाही. तसंच ठेवलं सुईच्या डोक्यावर.
गाणं पुढे सरकलं.

दुबाशसाहेब, बरोबर लिहिलंत.
पुढच्या वेळी तो ओरडला
तेव्हा मीही म्हणालो, हळूच,
शेजारी ऐकतील म्हणून.