टेप, बंद, रेडिओ

टॉर्च मी केली तेव्हा एकच चाल होती तिला, भरधाव.
नळाच्या कामातून उरलेला वीतभर पाइप,
मेलेल्या लॅपटॉपमधून जिवंत निघालेला एक सेल,
पुढे सोनपापडीच्या डब्याचं पारदर्शक झाकण
गोल कापलेलं (जरा अंडाकृती झालं, असो),
आणि डाळीच्या दाण्याएवढा एक वॅटचा एलईडी.
इंदोऱ्याच्या गच्चीवरून लावली
तर पलीकडच्या टाकीवर झोपलेला कावळा उठला.
मी खूश.

सुकेशनी ती रात्रपाळीला घेऊन गेली.
सकाळी आली, चप्पल काढायच्या आधी म्हणाली,
"कायचा उजेड केला रे हा?
सलाईन पाहाले गेली तं आख्खा वार्ड उठून बसला.
बारा नंबरची म्हातारी हात जोडून म्हणे,
पोचली का मी?"
मी हसलो. ती हसली नाही.
म्हातारी पहाटे खरंच गेली
हे तिनं चहा संपल्यावर सांगितलं.

दुपारी भर उन्हात बर्डीला गेलो, डोक्याला दुपट्टा.
हासानंदशेठच्या दुकानात रेझिस्टर
बडीशेपेसारखे चिमटीनं देतात.
"उजेड वाढवायला येतात सगळे," शेठ म्हणाले,
"कमी करायला तूच पहिला."

संध्याकाळी खोलीत अंधार होताच,
तिच्या दिवसाच्या झोपेसाठी
काचांना वर्तमानपत्रं चिकटवलेली आहेत आम्ही.
ती पलंगावर पेशंट झाली, डोळे मिटून.
मी स्टुलावर, हातात दोन उघड्या तारा.
तपकिरी, काळा, काळा. दहा ओहम.
"लालभडक. बंद कर."
पिवळा, जांभळा, काळा. सत्तेचाळीस.
"अजून लालच आहे. पण चालते."
तपकिरी, काळा, तपकिरी. शंभर.
"आता विटेसारखं."
लाल, लाल, तपकिरी.
ती बराच वेळ गप्प.
"लावली का तू?"

इतकंही कमी नको, थेंब मोजता आले पाहिजेत.
म्हणून शंभर आणि सत्तेचाळीस,
एकामागे एक, मालगाडीच्या डब्यांसारखे जोडले.
राळेचा धूर कूलरनं ओढून तिच्याच तोंडावर सोडला.
मल्टीमीटर माझ्याकडे आहे.
पण या घरात मिटलेली पापणी हेच माप, असं ठरलं.

तीन घरांचा स्विच बाबांच्या टेपरेकॉर्डरमधला निघाला.
पत्र्यासकट कापून बसवला, अक्षरं तशीच राहू दिली.
वर टेप. मध्ये बंद. खाली रेडिओ.
बाबा रेडिओ फार हळू लावायचे,
भिंतीला कान लावल्यासारखे बसायचे.
मंद उजेड तिकडे दिला.
अंगठ्याला अंधारात कळावं म्हणून
तिनं रेडिओवर नेलपॉलिशचा एक थेंब ठेवला.

आता माझा आवाज चढला की
ती पोळी लाटता लाटता म्हणते, "रेडिओवर ये."
मी येतो. कधी कधी
मधल्या घरातच अडकतो, दोन दोन दिवस.
त्या स्विचचा दोषच आहे तो,
टेपवरून रेडिओला जाताना
बंदवरून जावं लागतं.

परवा तिची सुट्टी होती.
कोराडीच्या चिमण्या रात्रभर धूर सोडतात
आणि अडीचला आमचीच लाईट जाते.
कूलर घरघरत थांबला.
ती उठली, झोपेतच असावी, वार्डातल्या सवयीनं.
माझ्या पापण्यांवर विटेचा रंग आला
आणि थांबला.
मिनिटभर तरी.
मी श्वास नीट घेत राहिलो, मोजता येईल असा.