सहामाही, जुबैल

दंडाला रबर बांधलं की
बशीर परकार मान वळवतो खिडकीकडे.
तिकडे बघण्यासारखं काही नाही.
वाळू, पाइप,
आणि दिवसाही न विझवलेली ज्योत चिमणीवर.

तिसरी नळी भरते.
मागच्या दोन खेपांच्या पांढऱ्या पेशी
माझ्यासमोर आहेत, दर वेळी थोड्या कमी.
त्याला फक्त शिक्का माहीत. हिरवा.
खेडला स्लॅब पडायचाय अजून.

"बेंझिनचा वास येतो?" फॉर्ममधलं विचारते.
"पयला यायचा, गोडसर. आता नाय येत."
दुखणं गेल्यासारखं सांगतो.

मला येतोय,
त्याच्या बाहीतून,
मी दाबून धरलेल्या कापसाच्या बोळ्यातूनही.

'नाही'च्या चौकटीवर पेन थांबतं.
बाहेर रांगेत एकोणीस जण,
बाह्या आधीच वर केलेल्या.